करार संपला, तरी माणूस सुटला का? : फुटबॉलपटू आणि कायदा

मंडळी, हेदवीसारख्या गावात फुटबॉलपटूंच्या कराराचा इतिहास कशाला, असं तुमच्यापैकी कुणाला वाटेल. पण हा विषय नोकरीचा आहे, आणि नोकरी कोकणाला नवी नाही. आपली माणसं मुंबईला गिरणीत गेली. एका गिरणीत पटलं नाही, तर हिशेब घेऊन दुसरीच्या गेटवर उभं राहता यायचं. काम मिळेल न मिळेल, पण जुना मालक आडवा येऊ शकत नसे.

इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूला नेमकं हेच करता येत नव्हतं. तिथे 1893 पासून नियम असा, की करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात. क्लबने सोडलं नाही, तर दुसरीकडे खेळता येत नाही, आणि जुन्या क्लबने पगार द्यायलाच हवा असंही नाही. जॉर्ज ईस्टहॅमचा न्यूकॅसलशी करार 1960 मध्ये संपला. क्लब सोडेना. गडी हटून बसला आणि काही महिने एका मित्राकडे बुचं विकायची नोकरी केली. शेवटी क्लबने त्याला आर्सेनलला दिलं, तरी त्याने खटला सोडला नाही. 1963 मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी सांगितलं, की ही पद्धत माणसाच्या पोटापाण्यावर गैरवाजवी बंधन घालते.

तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्याची चाल युरोपात टिकलीच. ती मोडली बेल्जियमच्या बोस्मानने, 15 डिसेंबर 1995 रोजी. पण त्याचा करार संपला होता 1990 मध्ये. निकाल येईतो त्याची खेळायची उमेदीची वर्षं सरली. फायदा झाला तो पुढच्यांना.

आता आपल्याकडे या. आपला करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 27 म्हणतं, की कुणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल. मग खेळाडू मोकळा? नाही. कल्याणच्या सेंचुरी कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याने पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात नोकरी धरली. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की मुदत संपेपर्यंत त्याला तसल्याच कामापासून रोखता येतं. म्हणजे, कोर्ट तुम्हाला जुन्या मालकाकडे राबायला लावणार नाही, पण दुसऱ्याकडे जायची वाट अडवू शकतं. मुदत संपल्यावरचं बंधन वेगळं आणि मुदतीतलं वेगळं, हा फरक लक्षात ठेवा.

फुटबॉलमध्ये ही वाट अडवायला कोर्टसुद्धा लागत नाही. महासंघाची नोंदणी आणि ना-हरकत दाखला पुरतो. अन्वर अलीचं प्रकरण बघा. 2024 मध्ये त्याने मोहन बागानशी असलेला करार मुदतीआधी मोडला आणि ईस्ट बंगालची वाट धरली. 10 सप्टेंबरला महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली. त्याने आणि दोन क्लबांनी मिळून 12.90 कोटींची भरपाई द्यावी असा आदेश दिला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तीनच दिवसांत महासंघाने तो आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणीची तयारी दाखवली.

क्लबची बाजूही खोटी नाही हो. पैसे मोजून संघ उभा करायचा आणि भर हंगामात बचावपटू निघून गेला, तर नुकसान खरंच होतं. त्याची भरपाई मागावी, जरूर मागावी. पण भरपाई वेगळी आणि माणूस अडकवून ठेवणं वेगळं. कारकून तीस-पस्तीस वर्षं नोकरी करतो. त्याची दोन वर्षं कोर्टात गेली तरी पुढे काही उरतं. फुटबॉलपटूकडे दहा-बारा वर्षं असतात. त्याच्या बाबतीत तारीख पुढे ढकलणं हाच निम्मा निकाल असतो.

म्हणून उद्या तुमच्या घरातलं पोर करारावर सही करायला निघालं, तर रकमेचा आकडा नंतर वाचा. आधी बघा : मुदत किती, मध्ये सोडलं तर भरपाई किती, आणि वाद झाला तर तो ऐकणार कोण.