शिष्यवृत्तीचा जमाखर्च : पॉट्स हिल ते खोडद

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांतून जे शिलालेख आहेत, त्यांत तीन यवनांची नावे येतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप दिला, आणि चंद नावाच्याने एका लेण्याचे गर्भद्वार करून दिले. दान देणारा परका, पाणी पिणारे इथले. या दानाच्या बदल्यात इरिलाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मात्र त्या दगडावर कोणी कोरून ठेवलेला नाही.

हे आठवायचे कारण असे की, परदेशी विद्यार्थ्याच्या शिक्षणावर एखाद्या देशाने सार्वजनिक पैसा का खर्च करावा, हा प्रश्न आमच्याच मुलखात, खोडदच्या माळावर, अगदी डोळ्यांसमोर उभा आहे. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी ती दुर्बीण पाहिलेली असेल. ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या शेतांमधून पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांतल्या चौदा खोडदजवळ एकत्र आहेत आणि सोळा तीन दिशांना गेलेल्या तीन बाहूंवर. दोन टोकांतले अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर भरते. या तबकड्यांची मुळे शोधू गेलो तर ती सह्याद्रीत सापडत नाहीत. ती सापडतात सिडनी शहराजवळ, पॉट्स हिल नावाच्या एका जलाशयाच्या काठी.

१९५० साली कोलंबो येथे राष्ट्रकुलातील देशांनी एक योजना आखली. तिच्यातून ऑस्ट्रेलियाने आशियातील तरुणांना आपल्या खर्चाने शिकायला बोलावले. हेतू निव्वळ परोपकाराचा होता असे आम्ही म्हणणार नाही. शीतयुद्धाचे दिवस होते आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाशी ओळख राखणे ऑस्ट्रेलियाला गरजेचे वाटत होते. या योजनेखाली १९५३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतून गोविंद स्वरूप हा चोवीस वर्षांचा तरुण सिडनीला गेला. प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन हे आदल्याच वर्षी तिकडे जाऊन आले होते आणि तेथील रेडिओ खगोलशास्त्राने भारावून गेले होते. स्वरूप दोन वर्षे राहिले. पॉट्स हिल येथे ख्रिश्चनसेन यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी सहा फुटी बत्तीस तबकड्यांची रांग उभारली होती, तिच्यावर ते काम शिकले. पुढे ख्रिश्चनसेन यांनी नवे यंत्र बांधायला घेतले आणि या तबकड्या मोडीत निघण्याची वेळ आली.

तेव्हा स्वरूप यांनी विचारले, की त्या आम्हांला द्याल का? पॉसी या त्यांच्या ज्येष्ठांनी आणि ऑस्ट्रेलियाच्या संस्थेने आनंदाने होकार दिला. आणि येथे, आमच्या मते, या कथेतला खरा धडा देणारा प्रसंग घडला. तबकड्या फुकट मिळाल्या, पण त्या जहाजाने आणायच्या कोणाच्या खर्चाने? रक्कम होती काहीशे पौंडांची. भारताजवळ परकीय चलनाची चणचण होती. भाडे ऑस्ट्रेलियाने सोसावे असे इकडचे म्हणणे, तर आम्ही वस्तू दिली, भाडे तुम्ही द्या, असे तिकडचे. दोन्ही बाजू आपापल्या परीने वाजवी! पण कागद फिरत राहिले, हाताशी यंत्र नाही म्हणून कंटाळलेला माणूस १९५६ मध्ये अमेरिकेला गेला, आणि तेथेच त्याने स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेट केली. दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीचा सगळा खर्च करून झाल्यावर केवळ जहाजभाड्यासाठी तो वाया जाण्याच्या बेतात होता. खर्च वाचवणे आणि खर्च फुकट घालवणे यांत कधी कधी किती थोडे अंतर असते, हे फायलीवर शेरा मारणाऱ्याला दिसत नाही.

१९६१ साली स्वरूप, मेनन, कुंडू आणि कृष्णन (हे कृष्णन निराळे) अशा परदेशांतल्या चौघा तरुण शास्त्रज्ञांनी मिळून भारतात पत्रे धाडली, की आम्ही परत यायला तयार आहोत, काम द्या. होमी भाभांनी पुढच्याच वर्षाच्या आरंभी त्यांना बोलावले. स्वरूप १९६३ मध्ये आले, आणि दरम्यान भारतात येऊन पडलेल्या त्याच बत्तीस तबकड्या १९६५ साली कल्याणजवळ उभ्या राहिल्या. १९७० मध्ये उटीच्या उतारावर मोठी दुर्बीण झाली आणि नव्वदीच्या दशकात खोडदची. ती ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. दोरांच्या चौकटीवर ताणलेली पोलादी तारांची जाळी, ही तबकडी स्वस्त करण्याची युक्ती येथलीच. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो.

आता जमेची बाजू मांडू. ऑस्ट्रेलियाच्या करदात्याने एका भारतीयाला दोन वर्षे पोसले. त्याला काय मिळाले? त्याला खोडद मिळाले. या दुर्बिणीवर वेळ मागणाऱ्याचा देश विचारला जात नाही, प्रस्ताव पाहिला जातो. तीसाहून अधिक देशांतल्या अभ्यासकांनी तिचा उपयोग केला आहे. पण हे उत्तर १९५५ साली सिडनीतल्या हिशेबनिसाला कोणी देऊ शकले असते काय? मुळीच नाही. बडोद्याच्या हिशेबनिसालाही देता आले नसते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांसाठी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले. अट दहा वर्षे संस्थानच्या नोकरीची. १९१७ मध्ये आंबेडकर नोकरीवर रुजू झाले, पण त्या शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना आणि थोड्याच दिवसांत त्यांना निघावे लागले. करारनाम्याप्रमाणे पाहिले तर ती शिष्यवृत्ती बुडाली. एवढ्या लाभाची बुडीत रक्कम दुसऱ्या कोणत्या संस्थानाच्या वहीत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

खर्चाची बाजू मात्र आम्ही दडवणार नाही, कारण ती आमच्याच लोकांची आहे. दुरून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ऐकायच्या तर भोवती शांतता हवी. खोडद निवडले गेले त्यालाही डोंगरांचा आडोसा आणि विजेच्या गोंगाटाचा अभाव हे एक कारण होते. ही शांतता राखायची म्हणून परिसरातल्या उद्योगांवर बंधने आली. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गालाही अलीकडच्या काळात याच कारणाने हरकत निघाली, तेव्हा नारायणगाव-मंचरच्या बाजारात लोक सरळ विचारू लागले, की जगाला तारे दिसावेत म्हणून आमच्या टोमॅटोने ट्रकमध्येच सडावे काय? ज्या तालुक्याचे मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, त्याने हा प्रश्न विचारला तर त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. सिडनीने पौंड दिले, दिल्लीने रुपये दिले, आणि जुन्नर-आंबेगावने कारखाना व रस्ता यांच्या रूपाने दिले. फरक इतकाच, की पहिल्या दोन रकमा अंदाजपत्रकांत छापल्या गेल्या आणि तिसरी कोठेच छापली गेली नाही. ती छापली जावी, एवढेच आमचे मागणे आहे. दुर्बीण हलवा, असे आम्ही म्हणत नाही.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदला मोठी गर्दी उसळते. गावोगावच्या शाळांची मुले आपापले प्रयोग मांडतात आणि तबकड्यांखाली उभी राहून माना वर करतात. २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथे उभ्या राहत असलेल्या महाकाय दुर्बिणीत भारताच्या सहभागासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले, आणि त्या कामात खोडद चालवणारी पुण्याची संस्थाच पुढे आहे. म्हणजे आता भाडे भरण्याची पाळी आमची आहे. त्या गर्दीतली एखादी मुलगी उद्या या पैशावर ऑस्ट्रेलियाला गेली, तर तिच्या परतीच्या सामानाचे भाडे कोणत्या खात्यातून द्यायचे, हे तेवढे आधी ठरवून ठेवलेले बरे.