खिचडी आणि हरीरा

मोरोक्कोतील फेझ ह्या शहरी काही वर्षांपूर्वी आम्ही पाच मराठी स्नेही एकत्र जमलो होतो. एक नागपूरचे वकील, एक इंदूरचे फ्रेंचचे प्राध्यापक, बडोद्याच्या एक शिक्षिका, बंगळूरचा एक तरुण अभियंता आणि पाचवा मी. पाचांची गावे निराळी, मराठीचे हेल निराळे आणि जेवणाविषयीची मते तर त्याहून निराळी. त्या रात्री एका जुन्या वाड्यात थाटलेल्या भोजनगृहात आमचे एका वाडग्यावरून भांडण जुंपले. त्याचा निवाडा करण्यासाठी साडेसहाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागले, म्हणून ती हकीगत आज आपणांस सांगावीशी वाटते.

जुन्या फेझच्या गल्ल्यांतून मोटार जात नाही. ओझी वाहावयाची ती खेचरांनी आणि गाढवांनी. आम्ही चाललो असता मागून एक खेचरवाला 'बालक, बालक' असे ओरडत आला. शिक्षिकाबाई कोणाचे मूल वाटेत आले म्हणून पाहू लागल्या आणि मूल सापडण्यापूर्वीच खेचराच्या पाठीवरील गोणीने वकीलसाहेबांची टोपी उडविली. 'बालक' म्हणजे तिकडच्या बोलीत 'सांभाळा, बाजूला व्हा', हे प्राध्यापकांनी टोपी परत मिळाल्यावर सांगितले. "अहो, हे आधी सांगावयाचे!" असे वकीलसाहेब म्हणाले, आणि अशा रीतीने हसतच आम्ही त्या वाड्याच्या दारी पोहोचलो.

आत चौक होता, चौकात लहानसे कारंजे होते आणि एका कोपऱ्यात फुगीर पोटाचे, आखूड मानेचे ऊद नावाचे तंतुवाद्य एक वादक वाजवीत होता. भोवतालची मंडळी टाळ्यांचा ठेका धरून त्याला साथ देत होती. आम्ही बैठकीवर बसताच एक मुलगा पितळी झारी आणि तस्त घेऊन आला व त्याने प्रत्येकाच्या हातांवर पाणी घातले. इथवर सारे घरच्यासारखे होते. परंतु मधोमध एकच मोठे ताट येणार आणि सर्वांनी त्यातूनच जेवावयाचे, हे कळल्यावर वकीलसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे एकमेकांचे उष्टे?" त्यांनी विचारले. वृद्ध मालकांनी प्राध्यापकांमार्फत समजूत घातली की, प्रत्येकाने उजव्या हाताने आपल्या समोरच्या बाजूचेच खावे, दुसऱ्याच्या बाजूला हात घालू नये. मधला चांगला घास यजमानाने पाहुण्याकडे सारावा. "हद्दी ठरलेल्या असतील, तर आमची हरकत नाही," असा निर्णय वकीलसाहेबांनी दिला.

ताटाच्या आधी मात्र प्रत्येकाला स्वतंत्र वाडगा आला. त्यात हरीरा होता. हरीरा म्हणजे मसूर, हरभरे, टोमॅटो, कोथिंबीर ह्यांचे, पीठ लावून दाट केलेले ऊन ऊन कढण. रमजानमध्ये सायंकाळी उपवास सोडताना तिकडे घरोघर खजुराबरोबर तो घेतात. बहुधा त्यात मांस असते, परंतु शिक्षिकाबाई शाकाहारी, म्हणून आमच्यासाठी मांसाविना केला होता. नाव ऐकताच प्राध्यापक चमकले. उत्तर हिंदुस्थानात बाळंतिणीला जे पौष्टिक पेय देतात, त्यालाही हरीराच म्हणतात. पहिला घोट घेऊन शिक्षिकाबाई म्हणाल्या, "अहो, ही तर आपली आमटी!" वकीलसाहेब म्हणाले, "आमटीला पीठ लावीत नाहीत, बाई." अभियंत्याला त्यात बंगळूरच्या सारूची आठवण झाली. आवाज इतके चढले की ऊदवाल्यानेही क्षणभर हात थांबविला.

तेव्हा मला इब्न बतूताचे स्मरण झाले. हा मनुष्य ह्याच देशाचा. १३०४ मध्ये टँजिअर येथे जन्मलेला. १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो मक्केच्या यात्रेसाठी एकटा घराबाहेर पडला आणि चोवीस वर्षे परतला नाही. १३३३ मध्ये तो सिंधूतीरी आला. मुहम्मद तुघलकाच्या दरबारी दिल्लीचा काझी झाला. १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असता वाटेत त्याने दौलताबाद पाहिले. तेथील द्राक्षे, डाळिंबे आणि गाणाऱ्यांची पेठ ह्यांचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे. नंदुरबारचे मराठे भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात व जेवण्यापूर्वी अंग धुतात, हेही त्याने टिपले आहे. आपल्या लोकांच्या ताटात काय होते, हे एका मोरोक्कनाने चौदाव्या शतकात पाहून ठेवले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु वाडग्यावरच्या भांडणाचा निकाल त्याच्या दुसऱ्या एका उल्लेखात आहे. हिंदुस्थानातील धान्यांविषयी सांगताना तो मुगाकडे येतो. मूग तांदळाबरोबर शिजवून त्यावर तूप घालून हे लोक खातात, त्याला किशरी म्हणतात आणि रोज त्याचीच न्याहारी करतात, असे तो सांगतो. किशरी म्हणजे अर्थात आपली खिचडी. आणि पुढे तो म्हणतो की, मग्रिब देशात जे हरीऱ्याचे स्थान, तेच इकडे हिचे. विशेष हे की, ही गोष्ट त्याने सांगितली ती मरीनी घराण्याच्या सुलतान अबू इनानच्या आज्ञेवरून. आणि त्याचे प्रवासवृत्त १३५५ मध्ये सांगून पूर्ण झाले, ते ह्याच फेझमध्ये. त्या सुलतानाने बांधलेली मदरसा आजही जुन्या शहरात उभी आहे. संध्याकाळी आम्ही तिच्यावरूनच आलो होतो.

तेव्हा त्या रात्री आम्ही जे करीत होतो, तेच त्याने केले होते. फेझच्या वाचकाला खिचडी कळावी म्हणून त्याने हरीऱ्याचा दाखला दिला, एवढाच ह्याचा अर्थ कोणी लावील आणि ते खोटेही नाही. हिंदुस्थानातील सारेच त्याला आवडले असेही नव्हे; येथील कित्येक चालींवर त्याने कठोर शब्द लिहिले आहेत आणि तुघलकाच्या मर्जीची त्याला धास्ती होती. तरीही खिचडीपाशी आल्यावर तो परका राहत नाही.

ह्यात गंमत अशी की, त्याने खाल्लेले दोन्ही पदार्थ आज त्याच रूपात उरलेले नाहीत. टोमॅटो अमेरिकेचा, १४९२ नंतरच तो जुन्या जगात आला. म्हणजे इब्न बतूताचा हरीरा लाल असणे शक्यच नव्हते. आपल्या खिचडीतली मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांनी सोळाव्या शतकात आणलेली. जेवणानंतर पोऱ्याने हात उंच करून लहान पेल्यांत पुदिन्याचा चहा ओतला, त्यावर फेस आला. मोरोक्कोची जगभर ओळख झालेला हा चहाही जुना नव्हे. चिनी हिरवी पत्ती ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या हस्ते तेथे सर्वत्र पसरली ती एकोणिसाव्या शतकात. जिनसा बदलत गेल्या. परंतु दमून घरी आलेल्या माणसापुढे प्रथम जे ठेवावयाचे, ते नाव दोन्ही देशांत टिकून राहिले.

मालकांनी विचारले, त्या प्रवाशाचे पुढे काय झाले? मी सांगितले की, परतीच्या वाटेवर, १३४८ मध्ये, दमास्कसला त्याला कळले की वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. पुढल्या वर्षी तो मोरोक्कोत शिरला. फेझ अगदी जवळ आले असता, ताझा गावी वार्ता मिळाली की आईही महामारीत गेली. सुलतानाची भेट झाल्यावर तो टँजिअरला गेला, तो तिची कबर पाहण्यासाठी. घरच्या हरीऱ्याचा दाखला त्याने दिला, तो ह्या सर्वानंतर.

आमचा अभियंता ह्यावर काही बोलला नाही. तो कित्येक वर्षे परदेशी नोकरीस होता आणि आई गेली तेव्हा त्याला वेळेवर पोहोचता आले नव्हते. शिक्षिकाबाईंनी त्याच्या वाडग्यात आणखी थोडा हरीरा घातला आणि "खा बाबा, निवतोय," एवढेच म्हटले.

मग मालकांनी खिचडीची कृती विचारली. शिक्षिकाबाई मराठीत सांगू लागल्या, प्राध्यापक फ्रेंच करू लागले. डाळ, तांदूळ, हळद इथवर ठीक चालले. 'फोडणी' आली आणि प्राध्यापक अडले. अखेर वकीलसाहेबांनी उभे राहून मोहरी कशी तडतडते, ते तोंडाने आवाज काढून व दोन्ही हात उडवून दाखविले. चौकातली सारी मंडळी हसू लागली, ऊदवाल्याने तोच ठेका उचलला आणि मालक मान डोलावीत म्हणाले, "समजले, समजले."