आकाशातून पाहिलेली सांगली

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या गावाच्या स्थित्यंतरांविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम संस्थानी दफ्तरे आणि गॅझेटियर चाळण्याचा विचार मनात आला. परंतु त्याच सुमारास सांगलीचे आकाशातून घेतलेले एक जुने छायाचित्र पाहण्यात आले आणि लेखाची दिशाच बदलली.

हे छायाचित्र उपग्रहातून घेतलेले आहे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने ‘कोरोना’ या गुप्त योजनेखाली १९६० ते १९७२ पर्यंत पृथ्वीच्या फार मोठ्या भागाची छायाचित्रे घेतली. (नावावरून वाचकांनी दचकू नये, अलीकडच्या साथीशी त्याचा संबंध नाही.) फिल्म भरलेली कुपी उपग्रहातून खाली सोडली जाई आणि पॅसिफिक महासागरावर विमान ती हवेतच झेलत असे. १९९५ साली ही आठ लाखांहून अधिक छायाचित्रे सर्वांसाठी खुली झाली. परक्यांच्या लष्करी हालचाली टिपण्यासाठी निघालेल्या कॅमेऱ्यात आपले कृष्णाकाठचे गाव सापडले, हा योगायोगच म्हणावयाचा.

छायाचित्र कृष्णधवल आहे. नदीचे वळण आणि १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल चटकन ओळखू येतात. गावभाग, खणभाग, वखारभाग यांची घरे एकमेकांत मिसळून एकच ठिपका झाला आहे. आमराईचा गर्द डाग तेवढा वेगळा दिसतो. हरिपूरची हळदीची पेवे मात्र शोधूनही दिसणार नाहीत, कारण ती जमिनीच्या पोटात होती. कैक पिढ्या हळद सांभाळणारी ती पेवे २००५ च्या महापुरात बहुतांशी नष्ट झाली.

मिरजेकडून एक बारीक रेषा थेट गावापर्यंत येते. ती १९०७ साली सुरू झालेली संस्थानची रेल्वे. पुढे १९७० च्या सुमारास मोठी लाईन आली आणि स्थानक गावाबाहेर गेले. रूळ नसलेल्या जागेस आपण अजूनही स्टेशन चौक म्हणतो. नव्या पिढीला त्याचे कारण सांगावे लागते. त्याच रेषेच्या आजूबाजूस, विश्रामबागेकडे, विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) आणि अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) शेतांच्या मध्यभागी एकाकी उभी आहेत. सांगली आणि मिरज ही तेव्हा खरोखरीच दोन गावे होती. १९९८ मध्ये कुपवाडसह तिघांची एक महानगरपालिका झाली, तोपर्यंत मधली शेते बरीचशी संपली होती.

परंतु माझी नजर खिळून राहिली ती दुसऱ्याच गोष्टीवर. शेतांच्या फिकट चौकटींमधून काही गडद, वाकड्यातिकड्या पट्ट्या नदीकडे उतरताना दिसतात. काळी जमीन आणि तिच्यात मुरलेली ओल, म्हणून तो भाग काळा उमटला आहे. यांनाच आपले वाडवडील ‘ओत’ म्हणत. कृष्णा फुगली की नाल्यांतून पाणी उलटे चढे, या ओतांत पसरे आणि पूर उतरला की आल्या वाटेने परत जाई. तेथे पीक घेत. घर कोणी बांधीत नसे.

आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवले, तर त्या पट्ट्यांवर छपरांची दाटी दिसते. गाव वाढले, बाजारपेठेमुळे खेड्यापाड्यांतून कुटुंबे आली, त्यांत आपल्या समाजाचीही पुष्कळ होती. उंचवट्यावरची जागा परवडेना, तेव्हा गुंठेवारीने ओत विकले गेले. २००१ च्या कायद्याने अशी अनेक बांधकामे नियमित होण्याचा मार्गही मोकळा झाला. दोष दुसऱ्यास देण्याचा अधिकार मला नाही. १९९२ साली मी स्वतः अशाच जागी दोन गुंठे घेतले. वडील म्हणाले होते, “अरे, ते पाण्याचं अंथरूण आहे. ते कधीतरी झोपायला येणारच.” त्या वेळी नाल्यात पाणी घोटाभर होते आणि रस्ता डांबरी होणार होता. मी हसलो.

२००५ मध्ये पाणी उंबऱ्याच्या आत आले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून कृष्णा सुमारे साडेसत्तावन्न फुटांवर गेली, आणि आम्ही पाच दिवस नातलगांकडे राहिलो. अलमट्टीच्या पाण्याविषयी तेव्हा पुष्कळ वाद झाला. पुढे २०२० मध्ये वडनेरे समितीने आपल्या अहवालात नदीकाठच्या अतिक्रमणांवरही बोट ठेवले.

जुन्या छायाचित्रात आमच्या घराची जागा शोधण्यास फारसा वेळ लागला नाही. ती गडद पट्टीच्या अगदी मध्यावर आहे. वडील आज हयात नाहीत. असते, तर त्यांनी ती जागा चष्म्याशिवाय दाखविली असती.

या छायाचित्राची मोठी प्रत महोत्सवाच्या दिवसांत ट्रस्टच्या सभागृहात लावण्यात येणार आहे. त्यातील पुष्कळ ओतांची आणि नाल्यांची जुनी नावे आता ऐकू येत नाहीत. ज्या ज्येष्ठांना ती आठवत असतील, त्यांनी कृपया येऊन आपल्या हस्ताक्षरात त्यावर लिहावीत. शेजारी पेन ठेवलेले असेल.