डोळ्यांना दिसेल तेवढंच

डिझाइनवर मालकी सांगता येते, हे इंग्रजी कायद्याला सुचलं ते छापील कापडामुळे. आणि त्या कापडाची आवड तिकडे लागली होती हिंदुस्थानी छिटांमुळे. छिटांची मागणी एवढी वाढली, की लोकर आणि रेशमाच्या धंद्याच्या दबावाखाली इंग्लंडने १७२१ मध्ये छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी केली. १७७४ मध्ये इंग्लंडातच बनलेल्या मालावरची बंदी उठली, तिथले कापडाचे छापखाने जोमात आले आणि ते एकमेकांच्या नकला करू लागले. विल्यम किलबर्न हा नक्षीकार आणि छापखानदार पार्लमेंटकडे दाद मागणाऱ्यांत पुढे होता. नवी नक्षी बाजारात यायचा अवकाश, तीच स्वस्त कापडावर छापून येई, हे त्यांचं दुखणं. १७८७ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिलं, तेही फक्त दोन महिन्यांचं! १७९४ मध्ये त्याचे तीन महिने झाले. ज्यांच्या छिटांनी हा बाजार उभा केला, त्या इकडच्या कारागिरांचा त्यात विचारही नव्हता.

१८३९ मध्ये इंग्लंडात डिझाइनची सरकारी नोंदणी आली. भारतात पहिला स्वतंत्र कायदा १८७२ चा; पुढे १९११ चा, आणि आज चालतो तो २००० चा.

या कायद्यातली व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. डिझाइन म्हणजे वस्तू नव्हे. वस्तूचा आकार, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी, आणि तीही केवळ डोळ्यांनी पारखता येईल तेवढीच. वस्तू चालते कशी, हा भाग पेटंटचा. नोंदणीनंतरच्या हक्काला कायदा ‘कॉपीराइट’च म्हणतो. पण चित्रकाराचा कॉपीराइट निराळा. तो आपोआप आणि दीर्घकाळ मिळतो, हा नोंदणीनेच, आधी दहा वर्षं आणि वाढवून घेतला तर आणखी पाच. नोंदवता येईल असं डिझाइन न नोंदवताच त्याच्या पन्नासहून अधिक वस्तू कारखान्यात काढल्या, तर चित्रकाराचा कॉपीराइटही संपतो. कलम कडक आहे, आणि ते ठाऊक नसल्याने हक्क गमावणं सहज शक्य आहे.

आणखी एक अट आहे, नवेपणाची. पैठणीवरचा मोर किंवा कोल्हापुरी चपलेचा घाट पिढ्यान् पिढ्यांचा, म्हणून त्यावर कुणालाच डिझाइनचा हक्क मिळत नाही. त्यांना आधार आहे तो भौगोलिक मानांकनाचा, आणि ते राखतं मुख्यतः नाव. २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा ही उणीव सगळ्यांनी पाहिली. परंपरेला तिच्या रूपासाठी संरक्षण देणारा कायदा हवा, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर नवी बुट्टी, नवा काठ काढणाऱ्यांना एक विनंती: फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी नोंदणीचा अर्ज करा. डिझाइन आधी जगजाहीर झालं, तर नोंदणी नाकारली जाते.