कपाळावरचा दिवा आणि १८३७चा करार

१/ रात्रीच्या शिकारीसाठी कोणता दिवा निवडावा, हा प्रश्न वरकरणी केवळ साधनाचा वाटतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मात्र दिवा कोणाच्या हाती असावा, यावर शंभराहून अधिक वर्षे खटले चालले. त्याचीच ही कथा. 🧵

२/ या राज्याच्या उत्तर भागात ‘लॅक डू फ्लॅम्बो’ नावाची वस्ती आहे. फ्रेंच भाषेत याचा अर्थ मशालींचे सरोवर. ओजिब्वे लोक रात्री मशालींच्या उजेडात मासे मारतात, हे पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनी हे नाव दिले.

३/ या पद्धतीमागे निसर्गाचे अचूक निरीक्षण होते. वसंतात बर्फ वितळताच वॉलआय जातीचे मासे अंडी घालण्यासाठी उथळ, खडकाळ काठांशी येतात. त्यांच्या नेत्रपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे मशाल जवळ येताच पाण्यात डोळे चमकतात. हरणाचे डोळेही असेच चमकतात.

४/ जुना दिवा म्हणजे भूर्जसालीची मशाल, होडीच्या नाळेवर पेटवलेली. पुढे रॉकेलचे कंदील आले. १९००च्या सुमारास कार्बाइडचे दिवे निघाले: कार्बाइडवर पाणी ठिबकते, ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळतो. त्यानंतर खाणकामगारांच्या टोपीवर विजेरीचा दिवा बसला. वाऱ्याने न विझणारा आणि दोन्ही हात मोकळे ठेवणारा हा दिवा भालाधारी मच्छीमारालाही सोयीचा ठरला.

५/ याच पद्धतीतून एक वेगळी वाटही फुटली. जॉर्ज शिरास हा धनिक वकील मिशिगनमध्ये दिव्याच्या उजेडात होडीतून हरणांची शिकार करीत असे. पुढे त्याने बंदूक ठेवून कॅमेरा उचलला. जुलै १९०६च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये त्याची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली. वन्यजीवांच्या रात्रकालीन छायाचित्रणाचा तो आद्य प्रवर्तक मानला जातो.

६/ ओजिब्वेंच्या वाट्याला मात्र खटले आले. १८३७ आणि १८४२च्या करारांनी त्यांनी विस्तीर्ण भूमी अमेरिकेच्या स्वाधीन केली, परंतु तिच्यावर शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. असे असूनही १९०८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे शिकारीचे कायदे त्यांनाही लागू ठरवले. पूर्वजांची मशाल आता गुन्ह्याचा पुरावा ठरू लागली.

७/ १९७४ साली ओजिब्वे समाजातील दोन भावांनी राखीव क्षेत्राबाहेर, गोठलेल्या सरोवरावर भाल्याने मासे मारले आणि त्यांना अटक झाली. खटला वर गेला. जानेवारी १९८३मध्ये संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला: करारांतील हक्क कधीच संपुष्टात आले नव्हते.

८/ त्यानंतरच्या काही वर्षांत वसंतात होड्यांच्या धक्क्यांवर संतप्त जमाव जमू लागला. घोषणा, वांशिक शिवीगाळ, दगडफेक. होडीत उभा असलेला माणूस शिरस्त्राणावरच्या दिव्याने मासा शोधे आणि त्याच उजेडामुळे काठावरच्यांना तो स्वतः दिसत असे.

९/ आंदोलकांचा दावा होता की सरोवरे रिकामी होतील. वस्तुतः प्रत्येक रात्रीच्या मासेमारीला परवाना व मर्यादा असते आणि पकडलेले मासे धक्क्यावर मोजले जातात. १९९१च्या संघीय अहवालानेही भालामारीमुळे माशांच्या साठ्याला बाधा पोहोचल्याचे मानले नाही.

१०/ हरणांचा प्रश्न तरीही उरला. १९९१मध्ये जिल्हा न्यायालयाने सुरक्षिततेच्या कारणावरून रात्रीच्या हरणशिकारीवरील बंदी कायम ठेवली होती. ओजिब्वेंनी तो प्रश्न पुन्हा उपस्थित केला. २०१४ साली अपील न्यायालयाने इतर राज्यांतील अनुभव पाहून फेरविचार करायला सांगितले आणि २०१५मध्ये नियमांच्या चौकटीत परवानगी मिळाली.

११/ दिव्याच्या उजेडात हरीण क्षणभर खिळून उभे राहते. म्हणूनच अनेक ठिकाणी अशा शिकारीवर बंदी आहे, आणि ती बहुतांशी योग्यच आहे. येथे वाद निराळा होता. ज्या करारामुळे एका पक्षाला भूमी मिळाली, त्याच करारातील दुसऱ्या पक्षाचा हक्क विसरता येतो का?

१२/ आज ओजिब्वे मच्छीमारांच्या कपाळावर एलईडीचे दिवे असतात. भूर्जसालीची मशाल नाही, म्हणून ही परंपरा खरी नाही, असा आक्षेप कधी ऐकू आला, तर एवढे आठवावे: १८३७च्या करारात हक्क राखला होता तो शिकारीचा आणि मासेमारीचा. दिवा कोणता, हे ज्याच्या हाती भाला आहे त्याने ठरवायचे.

(समाप्त. शंका असल्यास अवश्य विचारा.)