हुकमतपन्हा

ता. १ फेब्रुवारी १६८९ रोजीं संगमेश्वरीं संभाजी महाराज पकडले गेले व ११ मार्चला त्यांचा वध झाला. मार्च संपण्यापूर्वींच रायगडास वेढा पडला. ५ एप्रिलला राजाराम महाराज गडाबाहेर पडले आणि नोव्हेंबरांत गड जाऊन येसूबाई व बाल शाहू शत्रूच्या हातीं लागले. अशा वेळीं हुकूम कोणीं द्यावा व कोणीं मानावा, हा प्रश्न पराक्रमाच्या वर्णनांत मागें पडतो, असें आम्हांस वाटतें.

सप्टेंबरांत पन्हाळ्याहून जिंजीस निघतांना महाराजांनीं महाराष्ट्राचा सर्व कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोंपविला. 'हुकमतपन्हा', म्हणजे अधिकाराचा आश्रय, हा त्यांचा किताब. 'अमा' म्हणजे समीप, या अव्ययापासून 'अमात्य' शब्द सिद्ध होतो. राजाजवळ राहतो तो अमात्य. येथें तर राजा जिंजीस व अमात्य शेंकडों कोस दूर सह्याद्रींत! व्युत्पत्ति पराभूत झाली, परंतु राज्य तगलें. जिंजीच्या उत्तराची वाट पाहत बसल्यास किल्ला हातचा जावयाचा. म्हणून निर्णय जागच्या जागीं होणें अवश्य होतें. शंकराजी नारायणांसारखा साह्यकर्ता पंतांस लाभला, व संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजा महाराष्ट्रापासून कर्नाटकापर्यंत मोंगलांस विसांवा देईनात.

मात्र ही व्यवस्था निर्दोष होती असें आम्ही म्हणणार नाहीं. प्रधानमंडळ जिंजीसही होतेंच. तेथें प्रल्हाद निराजी प्रतिनिधि झाले. सत्तेचीं स्थानें दोन झाल्यावर वतनदार सनदांसाठीं जिंजीपर्यंत धांवूं लागले. १६९१ मध्यें घोरपड्यांस जीं आश्वासनें मिळालीं, त्यांत दिल्ली घेतल्यावर द्यावयाच्या वतनाचाही समावेश आहे! शिवकालीं जी वतनें आंखडलीं गेलीं तीं अशीं परत वाढलीं. याबद्दल राजाराम महाराजांस दूषण देणारांनीं, रित्या खजिन्यावर फौज कशी उभी करावयाची होती, तेंही सांगावें.

खरा घात सेनापतिपदाच्या कलहानें केला. १६९६ मध्यें आयेवारकुटीजवळ संताजी व धनाजी एकमेकांवरच चालून गेले, आणि संताजीचा जय झाला. पुढें तें पद धनाजीकडे गेलें, व जून १६९७ मध्यें शंभुमहादेवाच्या डोंगरांत नागोजी मान्यानें संताजीस मारिलें. त्या वेळीं पंत महाराष्ट्रांत, महाराज जिंजींत. दोहोंपैकीं कोणाचाही शब्द त्या दोघां सरदारांस आवरूं शकला नाहीं. जिंजी १६९८ च्या आरंभीं पडली. महाराज तत्पूर्वींच निसटले होते. फेब्रुवारींत ते विशाळगडीं आले, तेव्हां पंतांच्या हातीं कारभार अद्याप होता.