कंपवातातील नैराश्य : फोनवरूनही उपचार होतो

पार्किन्सन म्हणजे कंपवात. 1817 मध्ये लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. हाताची थरथर सर्वांना दिसते, सोबत येणारे नैराश्य दिसत नाही. आपल्या कामठीत घरचे म्हणतात, "अब्बा आता बोलतच नाहीत, वय झालं." या आजारात चेहरा ताठ होतो, आवाज बारीक होतो, त्यामुळे ओळखणे खरेच अवघड. पण झोप उडाली, जेवण नकोसे झाले, नातवंडांतही मन रमेना आणि हे दोन आठवडे टिकले, तर ते म्हातारपण नव्हे. मेंदूतली रसायने घटल्याने येणारे हे नैराश्य बऱ्याचदा आजाराचाच भाग असते. 'ईमान कमजोर झालं' असा टोमणा तर मारूच नये.

यावर गोळ्या आहेत, तसाच बोलण्यातून होणारा सीबीटी उपचारही आहे. ही नुसती तसल्ली नव्हे. 'मी कोणाच्या कामाचा उरलो नाही' हा विचार समुपदेशक रुग्णासोबत तपासून पाहतो. गल्लीच्या टोकापर्यंत चालणे, जुन्या दोस्ताला फोन करणे अशी छोटी कामे ठरवून देतो.

अडचण जाण्यायेण्याची. थरथरत्या माणसाला दर आठवड्याला नागपूरला न्यायचे म्हणजे मुलाची रोजी बुडते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 72 रुग्णांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या औषधोपचारासोबत फोनवरून सीबीटी मिळाली : तीन महिने दर आठवड्याला, पुढे सहा महिने महिन्यातून एकदा. मदतीला घरचा एक माणूसही होता. तीन महिन्यांनी यातील 40 टक्के रुग्णांत ठळक सुधारणा दिसली. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत एकातही नाही. अभ्यास लहान होता, तरी आपल्यासारख्या गावांसाठी मोलाचा.

फोनची वेळ गोळीचा असर चांगला असताना ठेवावी. इअरफोन लावावा. लहान घरात एकांत मिळत नाही, हे आम्ही जाणतो. तेवढा वेळ मुलांना बाहेर पाठवावे.

केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. 14416 वर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. ती खास कंपवातासाठी नाही, पण सुरुवात तिथून होऊ शकते. पुण्यात पार्किन्सन मित्रमंडळ हा स्वमदत गट आहे. मेंदूविकार डॉक्टरांनाही उदासीबद्दल आपणहून सांगावे, आणि कंपवाताची गोळी मनाने बंद करू नये. जीव देण्याची भाषा कानावर आली, तर फोनवर थांबू नका. माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.